खाचेतलं गंध

निवडणुकीआधी परवान्याची हत्यारं जमा करायला चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या पोलीस ठाण्यात रांग लागली होती. माझ्यापुढे एक म्हातारं मराठी जोडपं होतं.

"अहो, पिशवी खाली धरा. त्याचं तोंड माझ्याकडे आहे."

"रिकामं आहे गं, जयवंती."

"मग सकाळी हातोडीनं काय ठोकत होतात?"

"नेम धरायची मागची पट्टी अडकली होती. दर आयुधपूजेला तू रिव्हॉल्व्हरवर गंध थापतेस, ते खाचेत दगडासारखं सुकलं होतं. तेल सोडलं, पितळी खिळा लावून ठोकलं, तेव्हा सुटली."

"ठोकताना तोंड कुठे होतं?"

"भिंतीकडे."

"भिंतीपलीकडे आपली नात ऊर्मी झोपली होती."

"अगं, गोळ्या आधीच काढल्या होत्या. त्या डबीत आहेत, तुझ्याच हातात."

"किती काढल्यात?"

"होत्या तेवढ्या. सहाच असतील, मोजल्या नाहीत."

"यात पाच आहेत."

"नीट मोज."

"तिसऱ्यांदा मोजतेय."





"गोळीचं एक घर गंधानं बुजलं होतं. मला वाटलं, आत काही नाही."

टेबलामागच्या हवालदारानं पुढच्याला बोलावलं.

"अहो, हलू नका."