भयकथेचा शेवट जेट्टीवर सापडला

आमच्या कॉमिकचा शेवट कुणी सुचवला, ते सांगतो. मी आणि माझी मैत्रीण सुजाता, लहानपणी वाचलेल्या उडत्या सुपरहिरोच्या गोष्टीची भयकथा करत होतो. ती चित्रं काढते, मी लिहितो. आमचा हिरो अजूनही हाक ऐकून धावत येतो, पण त्याने उचललेलं माणूस पुन्हा दिसत नाही. इथवर झकास जमलं होतं. शेवट मात्र सुचेना, आणि दुसऱ्याच दिवशी प्रकाशकाला पानं द्यायची होती.

दिघीला फेरीबोटीची वाट बघत आम्ही त्यावरच वाद घालत होतो. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या मावशी सगळं ऐकत होत्या.

त्यांनी विचारलं, "हाक मारल्याबिगर येत न्हाय ना तो?"

"नाही, मावशी."

"मंग त्या गावातली मानसं बुडताना पन तोंड मिटूनच बुडत असतील."

सुजाताने तिथेच वही उघडली. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेली आई तिने काढली, आणि त्या आईने आपल्या पोराच्या तोंडावर दाबून धरलेला हात. आम्ही इतके रंगलो होतो, की बोट सुटलेलीसुद्धा कळली नाही.