मॉरिशसमधला स्वेटर

अगं, आमच्या मिहिरला धड खोटं बोलता येत नाही, पण हौस भारी! पुण्याला सासूबाईंना लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या घरून फोन करून सांगितलं, "आई, सुट्टीच मिळाली नाही गं, यंदा येणं जमत नाही." आणि आम्ही दोघं मॉरिशसला वाळूत लोळतोय! नेमका त्यांचा व्हिडिओ कॉल आला. हा धावत खोलीत गेला, पडदे ओढले, हीथ्रो विमानतळावर घातलेला स्वेटर चड्डीवर चढवला आणि फोन उचलला.

"हॅरोत काय थंडी पडलीय गं आई!"

नाकावरून घाम टपकतोय.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "स्वेटर काढ आधी. आणि हॅरोच्या घरात छताला पंखा कधी बसवलात?"

मिहिरने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला.

"पुढच्या वर्षीही सुट्टी मिळाली नाही ना, तर मलाही घेऊन चला."