पंचमीला गेलेला बातमीदार

न्हाई म्हणलं की न्हाई, पण पेपरवाल्याला 'न्हाई' कळतं व्हय? तुम्हाला सांगतो, पोलीस अॅक्शनच्या आधीचा श्रावण, निजामाच्या सरहद्दीच्या ह्या अंगाला त्याच्याशी लढणाऱ्यांची आमची छावणी, अन् मी छावणीची बिनतारी पेटी सांभाळायलतो. फुकट. गुलबर्ग्यात रेडिओ दुरुस्त करायचो, म्हणून कानाला हेडफोन लावून बसवलं, अन् बसवलं ते बसवलंच... कामून, तर पलीकडनं निरोप कधी येईल नेम न्हाई, अन् पेटी सोडून उठता येत न्हाई.

तर त्या दिशी निरोप आला. निंबर्ग्यात काही बायका-पोरं दडून बसलेत, निजामाचे बंदूकवाले शेजारच्या गावापत्तोर आलेत, काढायचं तर उद्याच. अन् त्यात माझी धाकटी बहीण अक्कम्मा, तिथं दिलेली. कसं काढायचं? तर पंचमीला माहेरी निघालेल्या लेकी म्हणून, उघड्या रस्त्यानं, बैलगाडीत. पंचमीच्या तोंडावर बायकांनी भरलेली गाडी कोण कशाला अडवंल?

नेमका तवाच सोलापूरचा भगवानराव बातमीदार माझ्या उशाला. "निरोप काय आला? कुठलं गाव? कधी निघणार? अहो, लोकांना कळायला पाहिजे." म्हणलं, साहेब, लोकांना कळंल तवा सरहद्दीच्या नाक्यावरच्या शिपायालाबी कळंल की. तर म्हणतो, "गावाचं नाव गाळतो." म्हणलं, काय बी गाळा, पण हितनं हला. हलायलाय व्हय? मीच उठून जावं, तर पेटी सोडून उठता येत न्हाई.

मी तोंड शिवून बसलो. पण आमची आई? लिंगम्मा, अख्ख्या छावणीच्या भाकरी थापती. श्रावणात आमच्याकडं भेटंल त्याला पहिलं इचारायचं, "बहिणीला आणलं का पंचमीला?" तिनं भगवानरावाला जेवायला बसवून तेच इचारलं. तो म्हणला, "मला बहीण नाही, मावशी." झालं, हिचा जीव कळवळला. "अरं माझ्या लेकरा... माझी अक्कम्मा यायलीय बघ उद्या, निंबर्ग्यासनं, गाडीत..."

भगवानरावाच्या हातातली भाकरी थांबली अन् खिशातली पेन्सिल निघाली.

छापून आलं, तर पंचमीची एकेक गाडी उलथी करून बघतील. मी जाग्यावरनंच वरडायलो, हात जोडायलो, आण घालायलो... तर आई म्हणती कशी, "वरडू नगं. गाडीला भाऊ कुठाय? न्यायला भाऊ न्हाई, ती गाडी माहेरची कोण म्हणंल?"

खरंच की. अन् आमचा एकूणएक माणूस नाक्यावर तोंडानं ओळखीचा. माझं तर काय... पेटी. आई भगवानरावाकडं बघायली. "तू जा, बाबा."

"मी? मी बातमीदार आहे."

"असू दे की. बातमी गाडीतच हाय, जवळनं बघ."

त्याच संध्याकाळी इजार उतरवून धोतर नेसवलं, कपाळाला इभूत वढली, हातात साडी-चोळी अन् लाह्यांचं गाठोडं, अन् दिला धाडून. गाडीत सोता बसलेला माणूस छापतोय काय अन् कवा?

दुसऱ्या दिशी पेटी मुकी. दुपार कलली. समदे माळावर वाट बघायलेत, मी आपला खरखर ऐकायलोय. लई भ्यालो. वाटलं, आता आईचं रडणं ऐकू येईल, मग कळंल... तर आलं हसणं. पळत जावं वाटलं हो, पण पेटी सोडून उठता येत न्हाई.

झालतं काय, नाक्यावर शिपायानं दरडावलं, "कौन है इनका भाई?" अन् भगवानराव असा थरथरला, की लाह्या समद्या रस्त्यावर. अक्कम्मानं तर ह्याला सकाळीच पहिल्यांदा बघितलेलं, पण काय तोंड सोडलं म्हणता... "एक काम धड येत न्हाई तुला. बारका हुतास तवापासनं असाच. आता घरी गेल्यावर आईला काय सांगू?" शिपाई हसायला लागला. "जाने दो, सगा भाई है."

अक्कम्मा आली, गळ्यात पडून रडली, मीबी रडलो. बातमी छापून आली ती मागनं, समदे सुखरूप लांब गेल्यावर, अन् गावाचं नाव खरंच गाळून. भला माणूस. मी कुठं न्हाई म्हणतो?

पण तवापासनं दर पंचमीला भगवानराव तिच्या दारात, अन् अक्कम्मा निघाली सोलापूरला. म्हणलं, अगं, सख्खा भाऊ मी हाय. तर म्हणती, "न्यायला कोण आलतं, अण्णा?"

यंदा त्यानं मलाबी आवतन धाडलंय... पाहुणा म्हणून.