मिलिंदभाऊच्या चष्म्याचा इशारा

मिलिंदभाऊचा अल्बम कधी ऐकलात, तर त्यातल्या टाळ्या मी सुरू केल्यात, एवढं ध्यानात ठेवा.

भाऊ आयुष्यभर रॉक बँडमध्ये मागं उभं राहून बेस गिटार वाजवत आला. साठीत त्यानं सोलो अल्बम काढायचं ठरवलं. तोही लाइव्ह, एकाच संध्याकाळी, लोकांसमोर. पण नुसत्या बेसवर धून कुठं संपली, हे आमच्या नागपूरकरांना कसं कळणार? म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं.

"मी चष्मा वर केला का तू टाळ्या चालू कर. बाकीचे तुह्या मागून येतीन."

सगळ्यात हळवी धून चालली होती, हॉल चिडीचूप. घामानं भाऊचा चष्मा घसरला, त्यानं तो वर केला आणि मी कडाडून टाळ्या वाजवल्या. मागून सगळा हॉल, थांबायचं नाव नाही. भाऊ थांबला, आमच्याकडे बघत राहिला. मग उरलेली धून त्यानं अशी वाजवली, की ऐकायला कूलरसुद्धा आपोआप बंद झाला. खोटं नाही सांगत.

नंतर मी कान धरून गेलो. "भाऊ, चुकलो गा. तेवढ्या टाळ्या कापून टाक."

"काहून कापू?" भाऊ चष्मा पुसत म्हणाला. "मधात टाळ्या गाणाऱ्यालेच भेटतात. मले आज पहिल्यांदा भेटल्या. चुकून सुरू झाल्या, पण थांबून नव्हत्या राहिल्या."

अल्बमच्या मागं आभारात एकच नाव आहे, माझं. त्यामुळे तो सोलो आहे म्हणतात, ते तितकंसं खरं नाही.