बाळंतिणीची धुरी

साळूबाई : हलायचं न्हाई, सूनबाई. धुरी अंगात मुरली पायजे. ओवा हाय, शेपा हाय, वावडिंग हाय. सम्दं निवडून आनलंय मी.

निवेदिता : साळूबाई... पुरे.

साळूबाई : आत्ता कुटं निखारा धरलाय! आख्ख्या मिरजगावातल्या बाळंतिनी शेकल्या मी. पुरे म्हननाऱ्या तुमीच पैल्या.

निवेदिता : दार... दार उघडा.

साळूबाई : आन् बाराव्या दिवशी वारं लागलं म्हंजे? जन्माचं दुखनं! अवो सरोजिनीबाई, या बगा, सूनबाई दार उघडा म्हनत्यात.

सरोजिनी : निवेदिता, सोस गं थोडं. तुझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं.

निवेदिता : आईनं... कधीच...

सरोजिनी : थांबा. हा आवाज कसला?

साळूबाई : शिट्टीवानी वाजतंय. बाळ हाय का?

सरोजिनी : बाळ नाही. हिची छाती वाजतेय! साळूबाई, शेगडी बाहेर न्या. दार, खिडक्या, सगळं उघडा. बाळाला पुढच्या खोलीत ठेवा. निवेदिता, आडवी हो.

निवेदिता : नको. बसून... बसूनच.

सरोजिनी : ओठ काळे पडलेत. काय होतंय? बोल ना!

निवेदिता : कपाट. खालचा कप्पा. पॅडची पिशवी.

सरोजिनी : पॅड कशाला आत्ता?

निवेदिता : आत... पंप.

(सरोजिनीबाई पिशवी बाजेवर उपडी करतात.)

सरोजिनी : हे दोन आहेत. कुठला? निवेदिता, कुठला गं?

निवेदिता : निळा. हलवा... आधी.

सरोजिनी : हलवला. हं, ओढ. पुन्हा.

साळूबाई : आई गं, मी ह्ये काय करून बसले! कुनी सांगायचं तरी मला!

सरोजिनी : सांगणार कोण? मला तरी कुठं माहीत होतं? कधीपासून आहे हे?

निवेदिता : सहावीपासून.

सरोजिनी : म्हणजे आम्ही बघायला आलो तेव्हा—

निवेदिता : तुम्ही विचारलंत, मुलीला काही आजार? आई म्हणाली... साधी सर्दीसुद्धा होत नाही.

सरोजिनी : आणि हा तपकिरी?

निवेदिता : रोजचा. तो घेतला की... एवढं होत नाही. दिवस गेल्यावर बंद केला. पोटात बाळ असताना चालतो का, विचारायचं होतं. पण तपासणीला तुम्ही शेजारी बसायचात.

सरोजिनी : अगं, उठून बाहेर गेले असते मी!

निवेदिता : आई... अजून येत नाहीय. श्वास.

सरोजिनी : बोलू नकोस. घे, परत ओढ. माझ्या हाताला धरून बस. मी अवधूतला बोलावते.

निवेदिता : ह्यांना नका सांगू. अशक्तपणा म्हणा. मला... माहेरी पाठवतील.

साळूबाई : कुटलं माहेर, लेकरा? कोन हाय तितं आता?

सरोजिनी : साळूबाई, तिची पाठ धरा, मागं पडू देऊ नका. हॅलो, अवधूत? कुठवर गेलास? परत फीर. गाडी थेट दारात आण. आणि दवाखान्यात फोन कर, ऑक्सिजन तयार ठेवा म्हणावं. दम्याचा झटका आहे. निवेदिताला... हो, दमाच. लहानपणापासून आहे... फसवलं? कुणी फसवलं? तिच्या आईनं लग्नाआधीच मला सांगितलं होतं. तुला सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं.