निर्व्यसनी नाटककार

आमच्या थोरल्या काकांना खोटं बोलताना अडखळलेलं मी एकदाच पाहिलंय.

कॉलेज सोडून मी नाटकं लिहायला लागलो, तेव्हापासून घरच्यांच्या हिशेबी मी वाया गेलतो. तरी माझ्या सोयरिकीत सगळ्यांत पुढं काकाच. दिंद्रुडचे पाहुणे आमच्याकडं धारूरला आले. मुलगी मी बघून आलो होतो, लई आवडली होती, म्हणून बोलणी काकांवर सोडली.

काका म्हणाले, "पोरगं एकदम निर्व्यसनी हाय. सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाई."

मुलीच्या वडलांनी पिशवीतून पेपरची रविवारची पुरवणी काढली. गावात नुकती केबल आली होती, पेपरांनीही रंगीत पुरवण्या सुरू केल्या होत्या. त्यात मी 'नाटककाराचे नाद' असे लेख लिहायचो. कबुतरांवर लिहिलं तेव्हा कुणी वाचलं नाही. या खेपेला मेंढीकोटावर लिहिलं होतं.

"ह्यात तर लिवलंय, पत्त्यांशिवाय तुमाला चैन पडत न्हाई," ते म्हणाले.

मी म्हणालो, "लग्न ठरलं तर आजपासून पत्ते बंद."

ते खुश झाले. म्हणाले, "मग काय, बोलणी पक्की करू."

तेवढ्यात काका माझ्यावर भडकले, "बंद कावून बे? मंग मी कुणाच्या जोडीनं बसू?"

आणि तिथं अडखळले.

पाहुण्यांनी चहा संपवला आणि एसटी गाठली.

काका आजही चारचौघांत सांगतात, "लिवायच्या नादापायी पोराचं लग्न मोडलं."