गुळाच्या केकसाठी उपास

नाही नाही, आत्ताच डब्यात नको भरायला, थोडं थांबा — गुळाचा केक आहे ना, गरम असताना झाकण लावलं की घाम सुटतो त्याला, वरचा भाग चिकट होतो, मग तुम्ही घरी जाऊन उघडाल आणि म्हणाल, योगिनीताईंनी शिळा दिला. बसा तुम्ही. पंख्याखाली ठेवलाय, होईल गार. ती? ती कल्याणला गेलीय, तिच्या वडिलांना आणायला — येईलच आता, पत्रीपुलावर रिक्षा अडकलीय म्हणाली, म्हणजे कधी येईल ते देवालाच ठाऊक. मी केतन, तिचा नवरा. हो, तोच, व्हिडिओतला. बोट माझंच. हसा हसा, सगळेच हसतात, परवा खालच्या मेडिकलमध्ये एक बाई माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून बोटाकडे बघत होत्या. चहा टाकू का? मी नाही घेणार, माझा आज उपास आहे. गुरुवार. — आज बुधवार? बरं मग बुधवारचा. असतो की बुधवारचा पण. ज्याची जशी श्रद्धा.

वास येतोय ना? तो कोल्हापुरी काळ्या गुळाचा. पिवळाधम्मक गूळ ती घरात आणत नाही. आणि हे सोपं नाही बरं का, लोकांना वाटतं साखर काढली, गूळ घातला, झालं. अहो, पांढरी साखर लोण्याबरोबर फेटली की फुलते, हवा धरते, केक वर येतो. गूळ असला काही करत नाही, गूळ ढिम्म बसतो आणि त्याच्याबरोबर केकही बसतो. पहिले सगळे असेच बसले. एकदा गरम दुधात गूळ घातला, ते फाटलं — खिरीत गूळ शेवटी घालायचा हे आमच्या आईने हिला पन्नास वेळा सांगितलेलं, पण केकच्या नादात विसरली. मग मध घालून बघितला, तो वरून काळा आणि आतून कच्चा. खजुराची पेस्ट केली तर मऊसूत झाला, पण रंग असा की आमच्या मजल्यावरचा हर्षित म्हणाला, काकी, हे लाडू आहेत का? ती स्टीव्हियाची पूड आणली, ते तर विचारूच नका, खाताना गोड आणि मागून जिभेवर कडू, काढा प्यायल्यासारखं. नारळाची साखर बरी, पण ती कुणाला परवडणार. शेवटी तिचं तिनेच जमवलं — गूळ थोड्या पाण्यात मंद आचेवर वितळवायचा, गाळायचा, कारण त्यात खडे निघतात, उसाची चिपाडं निघतात, मग पूर्ण गार करायचा, त्यात दही, कणीक आणि सोडा. सोडा घातला की असा फसफसतो ना, तेव्हा तिचा चेहरा बघावा. मी सगळे बसलेले केक खाल्लेत ताई. तेव्हा मी घरीच असायचो. वागळे इस्टेटमध्ये होतो, पॅकिंगच्या मशीन बनवायची कंपनी, ती गेली गुजरातला आणि मी राहिलो इथे डोंबिवलीत, सोफ्यावर.

तुमच्याकडे कुणाचा वाढदिवस? वडिलांचा. अच्छा. म्हणजे — साखर आहे त्यांना? माझ्यासारखी? व्हिडिओ बघूनच घेताय? हां. छान. — गोळी चालू आहे ना त्यांची? नाही, सहज विचारलं. बंद नाही ना करणार? करू नका. म्हणजे केक केकच्या जागी, गोळी गोळीच्या जागी. असं मी म्हणालो हे योगिनीला नका सांगू, पण करू नका बंद.

नाही, काही घातलेलं नाहीये त्यात. तसं नका समजू. साखरेचा एक कण सापडला तर मी मिशी काढून देईन, ती फसवणारी बाई नाही. गूळच आहे. पण ताई — गूळ म्हणजे तरी काय हो? उसाचाच ना? एकाच रसाचा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ. आपल्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळपाणी देतात, बाळंतिणीला गूळ देतात, म्हणून आपल्याला वाटतं गूळ म्हणजे औषध. मलाही वाटायचं. मग मी डॉक्टरना विचारलं, एकटा जाऊन विचारलं. ते म्हणाले, केतनराव, तुमच्या रक्ताला गूळ आणि साखर यातला फरक कळत नाही. एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मग व्हिडिओत माझ्या साखरेचे ते कमी आकडे कसे येतात, असंच विचारणार ना तुम्ही? विचारा. ते असं झालं, की नोकरी गेल्यावर हिने मला संकष्टी धरायला लावली. मी आयुष्यात कधी उपास केला नव्हता, मी बुधवारी मटण आणि शुक्रवारी बोंबील खाणारा माणूस. पण धरली. आणि त्याच दिवशी हिचा केक पहिल्यांदा नीट फुलला. बिनअंड्याचा, गुळाचा — म्हणाली, आज मोदकांच्या ऐवजी हाच बाप्पाला दाखवते. गुळाचा गणपती आणि गुळाचाच नैवेद्य म्हणतात ना, तसं. मी दिवसभर कडकडीत उपाशी, पाणीसुद्धा जेमतेम. चंद्र दिसला, मी दोन तुकडे खाल्ले, आणि तोंडातला घास गिळतोय तोवर हिने माझं बोट धरून साखर मोजायचं मशीन लावलं. खाल्ल्यावर लगेच. आता लगेच कशी वाढेल? ती तर सगळी उपाशी पोटाची साखर. आकडा आला तो इतका कमी, की गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. तिला खरंच वाटलं हो. मलाही वाटलं. देव्हाऱ्यासमोर उभी राहून रडली, तसाच फोन हातात घेतला, तसाच तो व्हिडिओ टाकला — डोळ्यात पाणी, मागे बाप्पा, मध्ये माझं बोट. तोच तो. तुम्ही बघितलेला. सकाळी उठलो तर ऑर्डरीच ऑर्डरी.

मग व्हिडिओच्या खाली कुणीतरी लिहिलं, दोन तासांनी मोजून दाखवा. बरोबर आहे त्यांचं. ही म्हणाली, दाखवते की, आमचं काय लपवण्यासारखं आहे. तोवर मी डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. त्या दिवशी मी तिला म्हटलं, पित्त झालंय, जेवत नाही. सकाळपासून काही खाल्लं नाही, संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर एक तुकडा खाल्ला, आणि डिलिव्हरी देऊन येतो म्हणून बाहेर पडलो ते दोन तास चालत होतो. नाना-नानी पार्कला फेऱ्या, मग जिन्याने वर-खाली, वर-खाली. आकडा आला बरोबर. तेव्हापासून दर व्हिडिओला हेच. पित्त किती वेळा होणार, म्हणून मग उपास. आधी मंगळवार, मग गुरुवार, मग शनिवार, आता तर कुठलाही वार. बिल्डिंगमध्ये लोकांना वाटतं मी देवभक्त झालो. मंदिराच्या कमिटीत घेतलंय मला. लोक वाकून नमस्कार करतात ताई, आणि मला डोळ्यांसमोर बोंबील दिसतात.

हो, चक्कर येते. गोळी पोटात, आणि पोटात दुसरं काही नाही, येणारच. गेल्या महिन्यात शीळफाट्याला आली. स्कूटरवर पुढे दोन केक, समोर कंटेनरची रांग, आणि मला सगळं पांढरं दिसायला लागलं, हात असे थरथर. कशीबशी बाजूला घेतली आणि दुभाजकावर बसलो. एक ट्रकवाला उतरला, भिवा नाव त्याचं, जुन्नरकडचा, म्हणाला काका शुगर आहे का, आणि टपरीवरचा चहा आणून पाजला. नुसती साखर होती त्यात, पांढरी, तळाशी बसलेली. तिनेच वाचवलं मला. आणि केक कुठाय तर स्कूटरवर, ‘साखरेला रामराम’ लिहिलेल्या डब्यात. घरी काही बोललो नाही. टायर पंक्चर झाला म्हटलं.

सांगा ना तिला — सगळं जग असंच म्हणेल. कसं सांगू? ती रागावणारी असती तर केव्हाच सांगितलं असतं. ऐकून घेतलं असतं, दोन दिवस अबोला, संपलं. पण ती रडेल. लग्न झाल्यापासून ही बाई आमच्या आईची पथ्यं, माझे डबे, पोराच्या परीक्षा, यातच होती. कुणी नावाने हाक मारली नाही तिला. आता स्टेशनवर पोरी थांबवून सेल्फी काढतात, योगिनीताई म्हणतात. मी सोफ्यावर बसलेलो तेव्हा एका शब्दाने बोलली नाही मला. एका शब्दाने नाही. घर आज तिच्यावर चालतंय आणि त्यात माझं काय, तर हे एवढं बोट. तेही मी काढून घेऊ? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गुदमरतो मी ताई. स्वतःच्या घरात मला मोकळा श्वास घेता येत नाही, खरं सांगतो.

आणि माझं एकट्याचं असतं तरी चाललं असतं. मी केलं असतं. चालतोय, उपाशी राहतोय, ठीक आहे. पण अप्पा. तिचे वडील हो, जे आता येतायत ते. त्यांनाही साखर. त्यांनी तो व्हिडिओ बघितला. कल्याणला आख्ख्या पारनाक्याला दाखवला, माझी लेक, माझा जावई. आणि म्हणाले, जावयाला चालतं तर मला का नाही, आणि रोज सकाळी चहाबरोबर एक तुकडा. ही पाठवते, कौतुकाने पाठवते. गोळी त्यांनी आपणहून अर्धी केली, मग सोडूनच दिली, हे आम्हाला कळलं परवा. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली होती, साधं खरचटलेलं, ते अजून भरत नाही. काळं पडायला लागलंय. डॉक्टरांनी झापलं, म्हणाले गोड काय काय खाता. आणि हिला काय वाटतं माहितीये? हिला वाटतं अप्पा चोरून बिस्किटं खातात. म्हणून आणतेय त्यांना इकडे. आता माझ्या डोळ्यांसमोर राहतील, म्हणाली, माझ्या हातचं खातील, बाहेरचं सगळं बंद. आज संध्याकाळी व्हिडिओ आहे, दोघांचा. सासरा आणि जावई. म्हणून बुधवारचा उपास.

गोळी चालू करायला सांगितलंय हो डॉक्टरांनी, पण अप्पा हट्टी. ते म्हणतात, केतनने सांगितलं तर घेईन. केतनने. काल फोनवर मलाच विचारलं, तुम्हाला उतार पडला ना खरंच? आणि ही शेजारी उभी होती, माझ्याकडे बघून हसत. मी हो म्हटलं. तोंडातून हो गेलं.

तुम्ही सांगाल? नाही, ऐका ना, तुम्ही परक्या आहात, तुमच्यावर तिचा जीव नाही. तुम्ही म्हणा, आमचे डॉक्टर असं असं म्हणाले, गूळ आणि साखर सारखंच. माझं नाव नको. तुम्ही ग्राहक म्हणून विचारायचं फक्त, ती ऐकेल, ग्राहकाचं ती ऐकते. — का उठलात? केक नको? असं नका करू. केक न्या, नेऊन कुणालाही द्या, पोरांना द्या, पोरांना काही होत नाही, छान झालाय. इथे ठेवला तर अप्पांच्या समोर येईल तो. मी खाऊन संपवूही शकत नाही ताई, मला दुसरा तुकडा झेपायचा नाही.

लिफ्ट. आली ती. बसा एक मिनिट, बसा, आणि विचारा, एवढंच — अरे या अप्पा, या. हळू. माझ्या खांद्यावर हात ठेवा. पाय वर घ्या असा, उशीवर. पाणी देतो. अगं, या तुझ्या ग्राहक, केक न्यायला थांबल्यात, तुला काहीतरी विचारायचंय त्यांना. विचारा ना ताई. — नाही? काहीच नाही? तुम्हाला उशीर होतोय. बरं. नाही अप्पा, हा नाही कापायचा, हा ह्यांचा आहे, ह्यांच्या वडिलांचा वाढदिवस आहे. शेवटचा होता. घ्या ताई, झाला गार, मी झाकण लावून देतो, धरा खालून.

काय म्हणालीस गं? फ्रिजमध्ये? अप्पांसाठी वेगळा केलायस. कधी केलास, मला नाही दिसला. — हो. आहे ना लक्षात, उपास आहे माझा, संध्याकाळी खाईन. त्यांना आत्ता. हो. सुरी कुठे ठेवलीस? — मिळाली. कापतो.

ताई, जाताना दार ओढून घ्या.